अमावास्येचं गिऱ्हाईक

आमच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की शेठ आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत. चेहरा नंतर, कपडे त्याच्याही नंतर. पिशवीत नारळाचा फुगवटा दिसला की शेठ खुर्चीत आणखी मागे रेलत आणि मला म्हणत, "चहा सांग रे, निवांत." निवांत म्हटलं की मी ओळखायचो, आता हा माणूस गाडी घेतल्याशिवाय जात नाही आणि शेठ त्याला काही सोडत नाहीत.

शहरातल्या द्वारका चौकापासून थोडं पुढे आमचं आवार होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे लिंबाचं झाड, आणि मध्ये ओळीने उभ्या केलेल्या फियाट, अँबॅसेडर, एखाद-दुसरी जीप. सगळ्या जुन्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीचं दशक सरेपर्यंत मी तिथे गाड्या विकल्या. आता माझी नातवंडं मोबाइलवर गाडीचा रंग निवडतात, तेव्हा त्यांना सांगावं लागतं की आमच्या वेळी नवी गाडी विकत मिळत नसे, तिच्यासाठी नाव नोंदवून ताटकळत बसावं लागे. मुलगी शाळेत असताना नाव नोंदवलं की गाडी तिच्या लग्नापर्यंत यायची. त्यामुळे नव्या गाडीच्या शोरूममध्ये घासाघीस नव्हतीच, तिथे नुसती आर्जवं. घासाघीस चालायची ती आमच्याकडे, जुन्या गाड्यांत.

माझं काम बोलण्याचं. गाडी पुसून घ्यायची, दाखवायची, मुंबई रस्त्याला जरा फिरवून आणायची, आणि भावाची वेळ आली की गिऱ्हाइकाला शेठच्या टेबलासमोर नेऊन बसवायचं. पुढचं शेठ बघत. माणूस वाईट नव्हता. ओढूनताणून कधी कुणाच्या गळ्यात गाडी मारली नाही, इंजिनात खोट असेल तर विचारल्यावर सांगायचे. फक्त विचारावं लागे. आणि नारळ घेऊन आलेला माणूस कधी काही विचारत नाही.

नारळ म्हणजे काय, तर घरून निघतानाच ठरलेलं असायचं. पंचांग बघून वेळ काढलेली, हार आणलेला, मागे टेम्पोत सगळं कुटुंब, पेढ्यांचा पुडा कुणाच्या तरी मांडीवर. एवढा लवाजमा घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने परत कसा जाणार? शेजारी विचारतील ना. पिंपळगावकडचं एक द्राक्षवाल्यांचं कुटुंब मला अजून आठवतं. घरधनी मोठा तयारीचा, दोन ठिकाणी भाव काढून आला होता, शेठशी बोलणं अगदी रंगात आलं होतं. एवढ्यात बाहेर त्याच्या आत्याबाईंनी मुहूर्त टळेल या घाईने पांढऱ्या फियाटच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि वर फूल ठेवून हात जोडले. खिडकीतून शेठनी ते पाहिलं. "आत्याबाईंनी घेतली पण गाडी," एवढंच ते म्हणाले. घरधन्याचा चेहरा पडला. कुंकू लावलेली गाडी सोडून जायचं धाडस त्या घरात कुणाला झालं नसतं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आत्याबाई मात्र जाताना माझ्या हातावर दोन पेढे ठेवून गेल्या.

याच्या उलट एक निवृत्त हेडमास्तर होते. ते सकाळी फिरायला निघाले की आमच्या आवारात येत, एका निळ्या अँबॅसेडरमध्ये मागच्या सीटवर बसत आणि वर्तमानपत्र वाचून उठून जात. भाव विचारत नसत. शेठ आधी हसले, मग चिडले, मग बेचैन झाले. शेवटी एक दिवस आपणच गाडीपाशी जाऊन त्यांनी भाव सांगितला, तोही नेहमीपेक्षा उतरून. हेडमास्तरांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "विचार करतो." आणखी काही दिवस विचार करून त्यांनी ती गाडी घेतली.

असं बघून बघून माझा अभ्यास झाला. लग्नकार्यात लोक मला कोपऱ्यात घेत आणि विचारत, जुनी गाडी घ्यायला जायचंय, तयारी काय करावी? मी सांगायचो, सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. दुकानदार गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी सुरू करून गरम करून ठेवतो, गरम गाडी, कशीही असली तरी, झटकन सुरू होते. थंड गाडी तुमच्यासमोर सुरू करायला लावा. पोरांना घरी ठेवा, कारण पोरगं स्टिअरिंगला एकदा चिकटलं की सुटत नाही. आपला आकडा घरी ठरवा. आणि नारळ सौदा झाल्यावर आणा, तेव्हाही मिळतो तो. लोक मान डोलवत आणि पुढच्या आठवड्यात नारळ घेऊन येत.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नसे, कारण सांगून कुणी करणार नव्हतं. गाडी घ्यायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आमच्या आवारात कुत्रं फिरकत नसे. लिंबाची पानं गाड्यांवर पडत, मी ती झाडत असे, आणि शेठ फोनकडे बघत बसत. सर्वपित्री अमावास्येला तर कळस. दुसऱ्या दिवशी घट बसले की दसऱ्यापर्यंत गर्दी उसळायची आणि भावही चढायचे, पण अमावास्येच्या त्या दिवशी शेठ इतके कंटाळलेले असत की कुणी नुसता पत्ता विचारायला आला तरी त्याला चहा पाजत.

हे मी एकाच माणसाला सांगितलं. माझ्या मामाला.

दामूमामा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ड्रायव्हर होता. कंपनीचा ट्रक चालवायचा, साहेबांची गाडीही चालवायचा, आणि इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. ऐंशीच्या दशकात कधीतरी तो कारखाना बंद पडला. हिशोबाचे जे पैसे मिळाले त्यांतून एक जुनी अँबॅसेडर घ्यायची आणि द्वारका ते घोटी अशी टॅक्सी चालवायची, असं मामानं ठरवलं. आमच्या आवारात तेव्हा टॅक्सी पासिंगची एक गाडी आलेली होती. मामानं ती लांबून पाहिली होती आणि तिच्यावर त्याचा जीव बसला होता. पण शेठ सांगतात त्या भावाला घेतली तर टायर आणि परवान्याला काही उरणार नव्हतं, आणि टायर-परवान्याशिवाय ती गाडी म्हणजे अंगणातलं लोखंड. दुसरी तशी गाडी दिवाळीनंतरच आली असती, आणि तोवर घरात बसून पैसे खाऊन संपले असते. मामाला पुन्हा नोकरी कोण देणार होतं? पन्नाशीला आलेला माणूस. एकदाच घ्यायची होती आणि बरोबर घ्यायची होती.

मी शेठना सरळ सांगितलं, की ही गाडी बघायला माझे मामा, साळवे, येणार आहेत, या सौद्यात मी बोलणार नाही. शेठ म्हणाले, बरं आहे, मीच बोलतो. ती गाडी शेठनी स्वतः कितीला घेतली होती ते मला ठाऊक होतं. तो आकडा मी मामाला सांगितला नाही, मामानंही विचारला नाही. शांतामामीनं मात्र दोनदा विचारला, दुसऱ्यांदा जेवायला वाढताना.

अमावास्येला ये म्हटल्यावर मामा हसला. "आपल्याला कसली अमावास्या," म्हणाला. आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात पंचांग नव्हतंच. मामी मात्र जराशी चुळबुळली. मानत तर नाही, पण मुद्दाम त्याच दिवशी कशाला, असं तिचं म्हणणं. मग स्वस्त मिळेल हे कळल्यावर तिचं तेही म्हणणं गेलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. मामाला घासाघीस करताच येत नव्हती. आयुष्यात त्यानं कधी केली नव्हती. कापडवाला सांगेल तो भाव, चप्पलवाला सांगेल तो भाव. भाजीबाजारात बसणारी बायको असून हा माणूस दुसऱ्याकडून कोथिंबीर घेतानाही पैसे देऊन मोकळा व्हायचा. म्हणून एका संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही तालीम केली. मामी शेठ झाली. खांद्यावर टॉवेल टाकून ती पेटीवर ऐटीत बसली, समोर लोखंडी खुर्ची ठेवली, आणि मी मामाला आत आणून बसवलं. मामी पाणी प्यायला म्हणून उठून आत गेली आणि परत आली, तर मामा खुर्चीतून उठून उभा.

"अहो बसा की," मामी म्हणाली. "मी शेठ हाय, कलेक्टर नाय."

मामा बसला. मामी पुन्हा आत जाऊन आली, मामा पुन्हा उभा. त्याला कळायचंच नाही आपण कधी उठलो ते. मामीला हसू आवरेना, मलाही. मग मी पाहिलं की मामा हसत नाहीये.

तो म्हणाला, "घासाघीस कराया आधी समोर बसावं लागतं, भाच्या. आमचा बा दुकानाच्या पायरीखाली हुबा राहायचा. मी त्याचं बोट धरून. दुकानदार पुडा खाली ठेवायचा आन् भाव सांगायचा. तितनं काय घासाघीस करनार?"

घोटीकडच्या आमच्या आजोळची ही गोष्ट. मी ती ऐकून होतो, पण अशी, खुर्चीच्या अंगाने, कधी ऐकली नव्हती. मामीनं खांद्यावरचा टॉवेल काढला. मग तिनं टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला आणि जरा करड्या आवाजात म्हणाली, "चला, परत. येते मी आतून." त्या रात्रीचं जेवण होईपर्यंत ती किती वेळा आत जाऊन आली कुणास ठाऊक. शेवटी मामानं दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून ठेवली आणि तो बसून राहिला. मग मामीनं त्याला बाजारातली आपली विद्या दिली. आपला भाव एकदाच सांगायचा आणि तोंड मिटायचं. समोरचा काही बोलो, आपण गप्प. आणि नाहीच पटलं तर उठायचं, येतो म्हणायचं आणि चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. मागे बघितलं की गेलं.

सर्वपित्रीच्या सकाळी मामा आला. धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. शेठनी नेहमीप्रमाणे पिशवीकडे पाहिलं. तीत नारळाचा फुगवटा नव्हता, हार नव्हता. एक पाना आणि पुसायचं फडकं होतं. शेठना काही उमगेना. "आज अमावास्या आहे बरं का," त्यांनी आठवण करून दिली. मामा म्हणाला, ठाऊक हाय, आणि गाडीपाशी जाऊन त्यानं बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट थंडगार. अमावास्येला कोण येतंय म्हणून मला शेठनी गाडी गरम करायला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे ती सुरू होताना जेवढी खोकायची होती तेवढी सगळ्यांसमोर खोकली. मामानं डोळे मिटून आवाज ऐकला, काय काय दुरुस्त करावं लागेल ते मनात धरलं, आणि आत आला.

"या, बसा," शेठ म्हणाले.

मामा बसला. मी दाराशी उभा होतो. तेवढ्यात बाहेर कुणी हाक मारली म्हणून शेठ उठून गेले आणि परत आले. माझं लक्ष मामाच्या गुडघ्यांकडे. तो वीतभर उठला, हात खुर्चीच्या कडेला गेले, आणि तो परत खाली बसला. मला तिथेच त्याला मिठी मारावीशी वाटली.

बोलणं सुरू झालं. शेठनी गाडीचं कौतुक केलं, नवी सीट कव्हरं दाखवली, आणि म्हणाले, "उद्या घट बसतायत. उद्या याच गाडीचा भाव बघा."

"म्हनून तर आज आलो," मामा म्हणाला. मग त्यानं आपला आकडा सांगितला आणि तोंड मिटलं.

शेठ बोलत राहिले. टायर, बॅटरी, पेट्रोलची महागाई, धंद्यातली ओढाताण. मामा गप्प. शेठ थोडे उतरले. मामा गप्प. आणखी उतरले. मामाच्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात आता फार अंतर नव्हतं, आणि मी मनातल्या मनात मामाला म्हणत होतो, घे आता, हो म्हण. मामा उठला. "येतो," म्हणाला आणि चालू लागला.

शेठ हलले नाहीत. त्यांचा अनुभव असा, की जाणारा माणूस फाटकाशी एकदा वळून गाडीकडे बघतोच, आणि तो वळला की हळूच हाक मारायची. मामा फाटकाशी पोहोचला आणि वळला नाही. शेठ खुर्चीतून उठले. मामा रस्त्याला लागला. शेठ चप्पल घालून फाटकापर्यंत गेले आणि त्यांनी हाक मारली, "अहो साळवे, इकडे या!" द्वारकेच्या ट्रकांच्या गलबल्यात मामा तसाच पुढे. शेठनी पुन्हा हाक मारली, या वेळी आणखी मोठ्यानं. मामाची पाठ गर्दीत दिसेनाशी झाली. शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "जा, घेऊन ये त्यांना. माझ्या आवारातनं अमावास्येला आलेलं एकुलतं एक गिऱ्हाईक असं जाऊ द्यायचं नाही."

मी धावलो. वाटत होतं, मामाला राग आला असेल, किंवा भीती वाटली असेल, आणि आता तो परत येणार नाही, गाडी उद्या कुणीतरी नारळ घेऊन येऊन नेईल. मामा चौकापलीकडच्या टपरीवर सापडला. बाकावर बसून चहा पीत होता. हातात बशी होती आणि डोळे भरलेले होते.

मी म्हटलं, "मामा, शेठ बोलावतायत. हाका मारल्या त्यांनी, ऐकल्या नाहीस का?"

"ऐकल्या की. पयली मारली तवाच ऐकली."

"मग थांबला का नाहीस?"

"आनखी मारतोय का, ते बघत होतो." त्यानं बशीतला चहा पिऊन घेतला. मग म्हणाला, "दुकानदाराच्या हाका आमच्या बानं बी लय ऐकल्या. लांब हो म्हनून मारलेल्या. परत ये म्हनून मारलेली ही आमच्या घरातली पयली हाय."

आजोबा तेव्हा नव्हते. ते असते आणि त्या चौकात उभे असते, तर, असं मला फार वाटलं, अजूनही वाटतं. मी चल म्हणून मामाचा हात धरला, तर त्यानं तो सोडवून घेतला आणि कप दाखवला. अजून अर्धा होता. "संपू दे," तो म्हणाला. "शेठ थांबतंय."

शेठ थांबले होते. मामा परत आला, त्याच खुर्चीत बसला, आणि गाडी त्याच्या आकड्याला मिळाली. वर शेठनी स्टेपनीचं टायर बदलून दिलं, ते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. संध्याकाळी मामीनं घरी मेणबत्ती लावली, आम्ही वंदना म्हटली, आणि मग ती गाडीत मागे बसून कॉलनीला एक चक्कर मारून आली. खांद्यावर तो टॉवेल होताच.

मामानं ती टॅक्सी घोटी रस्त्यावर पुष्कळ वर्षं चालवली. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी कधीमधी त्याच्याशेजारी बसून घोटीला जात असे. गाडी भरलेली असे, मागे माणसं दाटीवाटीनं बसलेली असत, निघायची घाई असे. तरी कुणी मागून हाक मारली की मामा गाडी मागे घ्यायचा. उतारू कुरकुरायचे. एकदा वाडीवऱ्ह्याच्या फाट्याशी एक म्हातारा उभा होता, रस्त्यापासून बराच आत, बाभळीखाली. त्यानं हात केला नाही, हाक मारली नाही, नुसता गाडीकडे बघत होता. आम्ही पुढे निघून गेलो होतो. मामानं आरशात पाहिलं, गाडी थांबवली, मागे घेतली, आणि खाली उतरून दार उघडून धरलं.

"या बाबा," तो म्हणाला, "जवळ या. बसा."